मंडईच्या दिवशीच जादूनगरी

गोंदिया
९ सप्टेंबर २०२५

ती. शामकलाबाई यांना,
दुर्गेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका. घरात सगळे खुशाल आहेत, निदान तब्येतीने. फोन असताना पत्र कशाला असे तुम्ही म्हणाल. पण तुमच्या भावाविषयी फोनवर बोलायला लागले की मला दोन वाक्यांत रडू येते आणि मुद्दा राहून जातो. शिवाय तुमच्याकडे रेंज येते ती त्या आंब्याखाली, आणि तिथे अर्धे दरेकसा बसलेले असते. कागदावर मला नीट रागावता येते. आपल्या मोटारपंपाच्या दुकानातला चैतराम रोज दरेकशाहून गाडीने ये-जा करतो, त्याच्या डब्याच्या पिशवीत हे पत्र ठेवते आहे. मालकाला कळले तर चहा बंद, अशी तंबी त्याला दिली आहे.

तर ऐका. यंदाही जादूनगरी!

लॉकडाऊनचे वर्ष सोडले तर दर दिवाळीला आम्ही हैदराबादच्या बाजूच्या त्या जादूनगरीत जातो. तेच पाळणे, तीच लाटांची टाकी, तोच कान हलवणारा रबराचा हत्ती. दारावरचा मिशीवाला आता आमच्या हिमांशुला नावाने हाक मारतो. तिथे एक सिमेंटची गुहा आहे, तिच्यात निळे दिवे आणि पंख्याचा वारा. ती बघायला तासभर रांगेत उभे राहायचे. तुमच्या गावाजवळ एवढे कचारगड आहे, खऱ्या डोंगरातल्या खऱ्या गुहा, तिथे हा माणूस मुलांना एकदाही घेऊन गेला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

पण माझा राग गुहेवर नाही, तारखेवर आहे. निंबाटोल्याची, म्हणजे माझ्या माहेरची मंडईची जत्रा भाऊबीजेनंतरच्या रविवारी असते, हे यांना लग्नापासून ठाऊक आहे. आणि जादूनगरीची तिकिटे दरवर्षी नेमकी त्याच रविवारची निघतात. यंदाही काढून झाल्यावर, जेवता जेवता, लोणचे मागावे तसे मला सांगितले. मंडई म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगू? त्या एका दिवशी गावच्या सगळ्या लेकी घरी असतात. माझ्याबरोबर तळ्यावर शिंगाडे खात वाढलेल्या पोरी, एक बालाघाटला दिलेली, एक तुमसरला, एक पार राजनांदगावला, त्या फक्त त्याच दिवशी भेटतात. दंडारीचे नाचगाणे बघायचे, जिलेबी खायची, एकमेकींच्या सासवांची नक्कल करायची, आणि आईच्या चुलीपाशी दुनियेला वाढायचे. लग्नानंतरही मी ते चुकवले नव्हते. आता किती वर्षे झाली, मला तोंडाने म्हणवत नाही.

तुम्ही म्हणाल, तडजोड कर. केली ना! दोन वर्षांपूर्वी तह झाला: एक वर्ष यांचे, एक वर्ष माझे. पहिले वर्ष अर्थातच यांचे. दुसरे आले तेव्हा म्हणाले, मागच्या वर्षी पावसाने निम्मे पाळणे बंद होते, तेव्हा ते वर्ष धरायचे नाही. त्याच्या आधी एकदा ठरले होते की शनिवारी परत निघू आणि रविवारी दुपारपर्यंत मंडई गाठू. शनिवारी संध्याकाळी यांना चप्पल सापडेना. गाडी सुटली, मग चप्पल सापडली. यंदा मी विचारले की माझ्या मंडईचे काय, तर म्हणतात, तिथेही पाळणा, इथेही पाळणा, मग मोठ्या पाळण्यात काऊन नाही बसायचे? बाई, मी माहेरी पाळण्यात बसायला जाते का हो?

साप म्हणू नये धाकला आणि नवरा म्हणू नये आपला, पण भाऊ तर तुमचा आहे! वडील गेल्यावर तुम्हीच त्याला वाढवले. तुमचेच तो ऐकतो. त्याचा कान धरा, नाहीतर यंदा मी त्या लाटांच्या टाकीतून बाहेरच येणार नाही.

भाऊजींना नमस्कार. राग तुमच्यावर नाही, तेव्हा माया कमी करू नये.

तुमची
दुर्गेश्वरी

०

दरेकसा
१५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. दुर्गेश्वरी हिस,
शामकलाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. चैतरामने ते असे चोरून दिले की शेजारणीला वाटले मी काही विकत घेते आहे. चहाची तंबी देऊ नकोस त्याला, बिचारा दोन दिवस दुकानात मालकाकडे बघायलाच घाबरला.

आधी एक सांगून टाकते. भाऊ माझा असला तरी मी आपला तो बाब्या म्हणणाऱ्यातली नाही. चप्पल सापडली नाही हे मी पाच वर्षांच्या पोराकडूनही ऐकून घेणार नाही. लबाडी करायची तर नीट करावी. लहानपणी शाळा चुकवायची असली की तो पोट दुखते म्हणायचा आणि हात डोक्यावर ठेवायचा. अजून तसाच आहे म्हणायचा.

पण तुझे पत्र दोनदा वाचले आणि मला एक समजले नाही. इंद्रकुमारला पाळण्यात बसवते कोण? बैलगाडीत पाठमोरा बसला तरी त्याला भोवळ यायची. मंडईत सगळी पोरे पाळण्यात आणि हा खाली उभा राहून सगळ्यांच्या चपला राखायचा. असा माणूस दरवर्षी पदराला खार लावून जादूनगरीला जातो, तो तिथे करतो काय? हे मुलांना विचार. बायकोपुढे माणूस सोंग आणतो, मुलांपुढे विसरतो.

आणि तू तरी काऊन त्याच्या मागे फरफटत जातेस? पोरांना घे आणि बस धर. निंबाटोला काही चंद्रावर नाही. त्याला जाऊ दे एकट्याला, बसू दे रबराच्या हत्तीजवळ. माझ्याकडे तुझे भाऊजी कचारगडच्या मेळ्याला येत नाहीत, मी जाते, कोणी मला खाल्ले नाही.

दसऱ्याला तो सोने द्यायला येईलच. तेव्हा बघते. तोवर डोके गार ठेव. तुझ्या डोक्याला ते जमत नाही हे मला माहीत आहे, तरी मोठ्यांनी लिहायचे म्हणून लिहिले.

पोरांना पापा. तुझ्या रागासकट तू मला प्रिय आहेस.

तुझी
शामकलाबाई

०

गोंदिया
२४ सप्टेंबर २०२५

ती. शामकलाबाई यांना,
दुर्गेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

एकटी जा म्हणता! तुमच्या मेळ्यात तुम्हाला कोणी विचारत नसेल, निंबाटोल्यात वेशीपासून आमच्या अंगणापर्यंत चाळीस तोंडे विचारतील, जवाई काऊन नाही आले? मी काय सांगू? जवाई रबराच्या हत्तीजवळ बसून राहिले आहेत? आई काही बोलणार नाही, बाबा तर मुळीच नाही. दोघेही नुसते माझ्या मागे रस्त्याकडे बघतील. ते मला बघवणार नाही. आणि का जावे मी एकटीने? सून म्हणून मी यांच्या घरचा एक सण चुकवला आहे का? यांच्या मामाच्या गावच्या बारशापर्यंत मी हजर असते. मग माझ्या गावच्या एका दिवसाला यांचे पाय का जड होतात?

असो. तुम्ही म्हणालात तसे हिमांशुला विचारले. चौदा वर्षांचा झाला, आता जरा खरे बोलतो. बाई, मी डोक्याला हात लावून बसले. त्याला जादूनगरीचा कंटाळा आला आहे! दोन वर्षांपासून! पप्पांना वाईट वाटेल म्हणून बोलला नाही. धाकट्या गुड्डूला तर त्या होडीच्या पाळण्यात दरवेळी उलटी होते, आणि तो पॉपकॉर्न मिळतो म्हणून गप्प बसतो. म्हणजे मला नको, हिमांशुला नको, गुड्डूच्या पोटाला नको. मग हवे कोणाला?

तर यांनाही नको. हिमांशु सांगतो, आम्ही लाटांच्या टाकीत असतो तेव्हा पप्पा चपला ठेवायच्या खिडकीजवळच्या बाकावर बसतात आणि मोबाईल बघतात. गेल्या वर्षी तो पाणी मागायला मागून गेला, तर मोबाईलवर दंडार चालू होती. आमच्या निंबाटोल्याची! माझा भाऊ गोवर्धन नातलगांच्या ग्रुपवर मंडईचे व्हिडिओ टाकतो, ते हा माणूस तिथे बसून पुन्हा पुन्हा बघत होता. हिमांशुने विचारले तर म्हणाले, बातम्या बघतो आहे.

मला तर रागही सुचेना. बायकोला मंडईला जाऊ द्यायचे नाही, आणि तिच्यापासून चार हातांवर बसून तीच मंडई चोरून बघायची? ताकाला जाऊन भांडे लपवतात हे ऐकले होते, हा तर ताकाला जाऊन गायच लपवतो आहे. मी काल सरळ विचारले. जेवण अर्धे टाकून उठले आणि म्हणाले, तुला कळणार नाही. एवढेच. मग दुकानात जाऊन बसले, सुट्टीच्या दिवशी.

बाई, आता मला भीती वाटायला लागली आहे. माझ्या माहेरच्यांनी यांचे काही केले का? दसऱ्याची वाट बघते. तुमच्या हातचे वडे त्याला घाला, पोट भरले की बोलतो.

उत्तर लवकर द्यावे, आणि जीव लावता तसाच लावावा.

तुमची
दुर्गेश्वरी

०

दरेकसा
३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. दुर्गेश्वरी हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तो आला. सोने दिले, पाया पडला. मी वडे घातले. दहाव्या वड्याला विचारले, निंबाटोल्याचे तुझे काय बिनसले आहे? आधी पोट दुखते म्हणाला. मी म्हटले, मग हात पोटावर ठेव. तेव्हा बोलला.

तुम्ही शेवटचे ज्या मंडईला गेलात, तेव्हा तुझे बाबा मंडई समितीचे अध्यक्ष होते. दुपारी स्टेजवर बाहेरगावच्या पाहुण्यांचा सत्कार झाला, शाल आणि नारळ देऊन. गावच्या सगळ्या जावयांची नावे तुझ्या बाबांनी स्वतः माईकवर पुकारली. आमगावचे जवाई, तिरोड्याचे जवाई, सगळे. इंद्रकुमारचे नाव घेतले नाही. आणि त्या दिवशी हा सकाळपासून तुमच्या अंगणात पंगतीला वाढत होता. खाली आल्यावर कोणीतरी आमगावकराने शाल झटकत विचारले म्हणे, काऊन जी, तुमचा नंबर नाही लागला? बस. तेव्हापासून त्याने ठरवले की त्या मांडवात पाय ठेवायचा नाही. तुला सांगितले तर तू बाबांशी भांडशील, किंवा त्याला हसशील, आणि दोन्ही त्याला नको होते. म्हणून जादूनगरी. पोरांना पाळणे आवडतात म्हटले की कोणी पुढे विचारत नाही.

मी आधी हसले. खोटे कशाला सांगू? एवढ्या मोठ्या माणसाने एका शालीसाठी एवढी वर्षे रुसून बसायचे! पण तो हसला नाही. त्याचे तोंड पाहून मग मला तुझ्या बाबांचा राग आला. त्याला वडील नाहीत, दुर्गेश्वरी. चार माणसांत त्याचे नाव घेऊन हाक मारणारे मोठे माणूस त्याला तुमच्याच घरी मिळाले होते. तुझ्या बाबांचे तो किती करायचा, तू पाहिले आहेस. आणि सगळ्या गावाची नावे आठवली, याचेच विसरले?

मी सांगितले हे त्याला कळू देऊ नकोस. म्हणजे तू कळू देशीलच, पण मी लिहून ठेवले.

तुझ्यावरचा लोभ शाबूत आहे, तुझ्या माहेरावरचा जरा पातळ झाला आहे.

तुझी
शामकलाबाई

०

गोंदिया
५ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांच्या चरणी,
दुर्गेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

खुशालीचे नंतर लिहीन. बाबा, तुम्ही असे कसे केलेत? शेवटी आम्ही मंडईला आलो तेव्हा तुम्ही सगळ्या जावयांना शाल-नारळ दिले आणि आपल्याच जावयाचे नाव घेतले नाही. तुमच्या अंगणात ज्याने दिवसभर भाताच्या बादल्या उचलल्या, त्याला चारचौघांत कोरडा ठेवलात. त्या दिवसापासून तो गावात आला नाही, आणि त्याच्यामुळे मी आले नाही. मला वाटायचे माझा नवराच वाकडा आहे. मी त्याला काय काय बोलले! माझ्या माहेरासाठी मी इथे भांडत होते, आणि माहेरानेच माझी बाजू लंगडी करून ठेवली होती.

विसरलात, की मुद्दाम केलेत, तेवढे लिहा. आणि आईला सांगा, मी रागावले आहे, पण जेवते आहे.

तुमची लेक
दुर्गेश्वरी

०

निंबाटोला
११ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. दुर्गेश्वरी हिस,
भैयालालचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र गोवर्धनने वाचून दाखवले. जिथे तू ओरडली आहेस तिथे तोही ओरडला, तेव्हा आता हे निम्म्या टोल्याला माहीत आहे.

मी विसरलो नाही. मुद्दाम केले. शाल पाहुण्याला देतात. मी गोवर्धनला कधी शाल दिली? त्याच्या मामाने जवाई म्हणून मला दिली, म्हणून मी माझ्या भावाला दिली का? आपल्याच स्टेजवरून आपल्याच घरच्या माणसाचा सत्कार करणाऱ्याला गाव हसते. तू याच घरात वाढलीस, तुला हे सांगावे लागते याचे मला आश्चर्य वाटते.

मंडईच्या पंगतीची बादली मी परक्याच्या हातात देत नाही. कोणाला किती आग्रह करायचा, कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणाला शेजारी बसवायचे नाही, हे घरच्यालाच कळते. तुझे लग्न झाल्यावर काही वर्षे मी त्याला खुर्ची दिली, शालही दिली, आठवून बघ. त्या वर्षी बादली दिली. मला वाटले त्याला कळले. आमच्याकडे यापेक्षा मोठे देण्यासारखे काही नाही.

आता माझेही ऐकून घे. त्यानंतर तो यायचा थांबला, तेव्हा मी समजलो की गोंदियात दुकान मोठे झाले, आता जवायाला खेड्याची बादली हलकी वाटते. मीही बोलावणे केले नाही. मलाही मान आहे. तुझी आई दर मंडईला म्हणायची, एक फोन करा. मी केला नाही.

त्याला सांग, पाहुणा म्हणून यायचे असेल तर या. वेशीवर घ्यायला येईन, खुर्ची देईन, शाल देईन, पान देईन. मग त्याने उठायचे नाही. घरचा म्हणून यायचे असेल तर शाल मिळणार नाही. काय व्हायचे ते त्याने ठरवावे. दोन्ही एकदम मिळत नाही.

धान यंदा बरे आहे. आई बरी आहे. तुम्हा सर्वांना सुख असो, आणि डोके थोडे कमी तापो.

तुझे
बाबा

०

गोंदिया
१७ ऑक्टोबर २०२५

ती. बाईस,
इंद्रकुमारचा साष्टांग नमस्कार.

मी रागावलो आहे हे आधी लिहितो. दसऱ्याला ते वडे का होते, ते आता कळले. चैतराम इतके दिवस माझ्यासमोर डब्याची पिशवी छातीशी धरून का चालायचा, तेही कळले. माझ्याच दुकानातला माणूस, माझीच बहीण आणि माझीच बायको!

दुर्गेश्वरीने सासऱ्यांचे पत्र मला मोठ्याने वाचून दाखवले. वाचून झाल्यावर तिने मला काय म्हटले ते लिहीत नाही. सार एवढेच, की दोन पुरुषांनी एकमेकांशी चार शब्द बोलायचे टाळले आणि तिने त्यापायी एवढी वर्षे क्लोरीनचे पाणी गिळले.

पण बाई, मी कुठे चुकलो? घरचा म्हणून बादली दिली, हे त्याच दिवशी सांगायला काय झाले होते? नावे पुकारायला लागले तेव्हा मी अंगणातून धावत मांडवात गेलो. शर्टावर वरण सांडले होते, ते पाण्याने पुसले. हात पँटला पुसले. कॉलर नीट केली आणि पायरीजवळ उभा राहिलो, म्हणजे नाव घेतल्यावर वेळ जायला नको. शेवटचे नाव झाले, मग दंडार सुरू झाली. मी ओल्या शर्टाने तिथेच उभा. हे मी दुर्गेश्वरीला कधी सांगू शकलो नाही, तुलाही सांगितले नव्हते.

आता सगळ्यांनी ठरवलेच आहे तर मी जाईन. जादूनगरीची तिकिटे उन्हाळ्यावर ढकलली. घरात कोणी एक शब्द हळहळले नाही, गुड्डूने तर टाळ्या वाजवल्या. मी पाहुणा म्हणून जाईन, खुर्चीवर बसेन आणि बादलीला हात लावणार नाही. शाल दिली तर घेणारही नाही. त्यांना मान आहे तसा मलाही आहे.

भाऊबीजेला येतो. ओवाळशील तेव्हा हसू नकोस.

तुझा
इंद्रकुमार

०

गोंदिया
२९ ऑक्टोबर २०२५

ती. शामकलाबाई यांना,
दुर्गेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

मंडई झाली. तुम्ही आंब्याखाली फोन घेऊन वाट बघत होता असे चैतराम म्हणाला. पण हे मला लिहायचेच होते.

बाबा खरोखर वेशीवर उभे होते. धुतलेले धोतर, पांढरी टोपी. यांना बघून म्हणाले, या पाव्हणे. शाल दिली तेव्हाही यांना कधी पाव्हणे म्हटले नव्हते, हे दोघांनाही ठाऊक. मांडवात मधोमध खुर्ची. पाणी आले, पान आले, गोवर्धनने वाकून सुपारी दिली. हे नव्या शर्टात असे ताठ बसले, जणू फोटो काढायचा आहे. बाबा समोर उभे राहून हवापाण्याचे विचारतात, हे आपण-आपण करत उत्तर देतात. दोघांचेही जबडे आवळलेले. मला दोघांनाही तळ्यात ढकलावेसे वाटत होते.

मग पंगत बसली. यंदा पाहुणे फार, वाढणारे कमी. अंगणाच्या टोकाला म्हाताऱ्यांची रांग होती, तिथे भात गेलाच नाही. एक म्हातारा रिकाम्या पत्रावळीकडे बघून ओरडायला लागला, अरे कोणी आहात का गा घरचे? हे दोनदा चुळबुळले. तिसऱ्यांदा उठले. बाह्या वर केल्या आणि गोवर्धनच्या हातातली बादली ओढून घेतली. बाबांनी लांबून पाहिले आणि तोंड दुसरीकडे केले. मग स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा काढून यांच्या डोक्याला बांधायला दिला. दुपारी माईकवर सगळ्या जावयांची नावे झाली, यांचे नाही. तेव्हा हे चुलाणापाशी वांग्याच्या भाजीत मीठ घालत होते आणि गोवर्धनशी हसत होते. एवढे हसलेले मी यांना जादूनगरीत एकदाही पाहिले नाही.

तुम्ही म्हणाल, झाले ना गोड? थांबा.

हे उठले तशी मीही पदर खोचून स्वयंपाकघरात गेले. भात काढायला झारा घेतला. गोवर्धनची बायको डिंपल, चांगली पोर आहे, तिने हळूच माझ्या हातातून तो काढून घेतला आणि म्हणाली, तुमी कायले करून राहिल्या बाई, तुमी बसा ना. मी म्हटले मीठ तरी देते. मिठाचा डबा होता तिथे नव्हता. तिखटाचाही नव्हता. मी माझ्या आईच्या घरात मीठ शोधत फिरत होते आणि चार बायका वाट अडली म्हणून बाजूला सरकत होत्या. आई आली. तिने मला दंडाला धरून बाहेर नेले, यांनी सोडलेली ती मांडवातली खुर्ची माझ्याकडे सरकवली, आणि कपबशीतून चहा आणला. सगळे स्टीलच्या ग्लासात पीत होते, बाई. मला कपबशी.

माझ्या तिघी मैत्रिणी आल्या होत्या, बालाघाटची, तुमसरची, राजनांदगावची. गळ्यात पडलो, रडलो. पण मग त्यांच्या गप्पा सुरू झाल्या आणि मला एकही धागा लागेना. कोणाच्या मुलीचे कान टोचले, कोण कोणावर रुसली होती आणि गेल्या मंडईला कशी बोलली, हे सगळे त्यांना पाठ. त्या मला प्रत्येक गोष्ट थांबून समजावून सांगत होत्या, ही अमकीची सून, ही तमकीची जाऊ, अशी. फार प्रेमाने. इतक्या प्रेमाने की मला ओरडावेसे वाटले.

परत येताना हे गाडी चालवताना दंडारीची गाणी म्हणत होते. मी खिडकीकडे तोंड करून बसले. मला म्हणाले, आता काऊन रागावलीस, आता तर दरवर्षी येऊ. मग मात्र मी भडकले. मुलांसमोर भडकले. तुमच्या भावाला मी सांगितले, तुम्ही रुसलात, बाबा रुसले, दोघांनी आपापला मान डब्यात घालून ठेवला होता, तो झाकण उघडल्यावर जसाच्या तसा निघाला. तुम्ही एका दुपारीत घरचे झालात. मी कोणावर रुसले नव्हते. मला कोणी विचारलेही नव्हते. आणि माझेच घर मला ओळखेना झाले. यांनी गाणे तेवढे थांबवले. पुष्कळ पुढे गेल्यावर म्हणाले, चुकलो. मला त्याचाही राग आला, कारण ते खरे होते आणि त्याने काही होण्यासारखे नव्हते.

निघण्याआधी मी आईला म्हटले होते, पुढच्या वर्षी मंडईच्या आधी आठवडाभर येते. अंगण सारवायला येते, तांदूळ निवडायला येते, सगळे डबे कुठे ठेवले ते बघते. आईला इतका आनंद झाला! माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, ये ना माय, खरंच ये, समोरची खोली झाडून ठेवीन तुह्यासाठी.

समोरची खोली आमच्याकडे पाहुण्यांची.

मी तिला हो म्हणाले. ती इतकी खूश होती की दुसरे काही म्हणवले नाही.

कार्तिक पौर्णिमेनंतर दोन दिवस तुमच्याकडे येते आहे, मुलांना कचारगड दाखवायचे आहे. हेही येतील, पायी चढणार म्हणतात. तुमचा लोभ आहेच, तो वाढवा असे मी म्हणणार नाही. फक्त आले की मला खुर्ची देऊ नका. चुलीजवळ बसवा आणि काहीतरी चिरायला द्या.

तुमची
दुर्गेश्वरी